चिनीचा अभ्यास

राणीसावरगाव
ता. १४ जून १९८७

शिवकांताला अव्वाचे शरणार्थ.

नावाच्या आधी ‘चिरंजीव’ लिहायचं असतं, पण तुझा बाप, माझाच पोरगा, पेन धरून नुसता बसलाय. म्हणतो, शरणार्थ लिहिलं ना, बास झालं. तेव्हा चिरंजीव राहिलं. ते तुझं तू वरती लिहून घे.

तुझं पत्र पोचलं. लय मोठं होतं. त्यानं ते दोनदा वाचलं. एकदा मी म्हणाले म्हणून, आणि दुसऱ्यांदा दुपारी मी डोळे मिटून पडले होते तेव्हा, मला झोप लागली असं समजून, हळू आवाजात, एकट्यासाठी. हे वाक्य तो लिहायला तयार नव्हता. मी म्हणाले, "ईश्वरअप्पा, कागद माझा, तिकीट माझं, बोलणं माझं. तू निस्ता हात हाईस. लिही." लिहायलाय बिचारा.

मी सांगते ते सगळंच तो लिहितो का, हे मला कसं कळणार? मला अक्षराची ओळख नाही. शेवटी सगळं वाचून घेते, पण वाचणाराही तोच. ‘न्हाई’चं ‘नाही’ करतो आणि ‘लय’चं ‘फार’ करतो, एवढं मात्र पकडते, कारण तिथं वाचताना त्याची जीभ अडखळते. मग मी ‘लय’ परत घालायला लावते. ‘न्हाई’चा नाद सोडून दिलाय. या वयात किती भांडणार?

तू लिहितेस की तुझ्या दिल्लीच्या विद्यापीठानं तुला वर्षभर चीनला धाडायचं ठरवलंय. तिथं एका खेड्यात राहून तू बघणार, की इतकी वर्षं सगळ्या गावानं मिळून केलेली जमीन सरकारनं आता घराघराला करायला वाटून दिली, तर त्या गावाचं झालं काय. चांगलं आहे. आपल्या गावाचं झालं काय, हे बघायला चीनहून अजून कुणी आलं नाही, पण येईल. मी उंबऱ्यावर बसलेलीच असते.

तिथपर्यंत तो खणखणीत वाचत होता. शेवटच्या पानावर आवाज खाली गेला. पासपोर्टासाठी पोलीस घरी येणार. पोरगी कुणाची, वागायला कशी, कधी अटक झाली होती का, हे बापाच्या तोंडून लिहून घेणार. बापानं अंग काढून घेतलं तर कागद तिथंच बसणार, आणि भादव्याच्या आत कागद दिल्लीला गेला नाही तर तुझी जागा दुसऱ्याला जाणार. एवढं वाचलं आणि चष्मा काढून पुसत बसला. चष्मा स्वच्छच होता.

तू मला विचारलंयस, "अव्वा, अप्पा काय म्हणतील?" मी त्याला विचारलं. त्यानं वाचून दाखवायचं काम संपलं असं सांगितलं आणि दुकानात जाऊन बसला.

पोरी, तू विद्यापीठाच्या नावासाठी औरंगाबादला जेलात जाऊन बसलीस त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून तो तुझ्याशी बोलत नाही. तुझी पत्रं वाचतो आणि माझी लिहितो, एवढंच. त्या काळात आसपासच्या गावांत घरं जळाली. आपल्या गावात जळाली नाहीत, पण माणसं एकमेकांच्या ओसरीवर चढायची थांबली. आणि ईश्वरअप्पाची पोरगी नामांतरवाली निघाली म्हटल्यावर आपल्या दुकानाचीही पायरी बंद झाली. मिठाला माणसं राणीसावरगावातून गंगाखेडला जायची. तुझा बाप सकाळी दुकान झाडायचा, गादीवर बसायचा, दिवस मावळला की बंद करायचा. ते दिवस मी तुला कधी कळवले नाहीत, कारण कळवायला तोच लागत होता.

आणि आता एक गोष्ट, जी पोलीस येण्याच्या आधी तुला माहीत पाहिजे. या गावात तू चीनचा अभ्यास करत नाहीस. तू साखरेचा अभ्यास करतेस.

हसू नको. तू दिल्लीला गेल्यावर दुसऱ्या साली तिकडून हिंदीतलं एक पत्र घरच्या पत्त्यावर आलं होतं. तुझा बाप परभणीला माल आणायला गेला होता. पोस्टमननं ते गावातल्या म्हाताऱ्या मन्मथअप्पांच्या हातात दिलं. ते निजामाच्या काळात उर्दू शिकलेले, त्यामुळं हिंदी म्हणजे घरचंच समजतात. ओट्यावर उभं राहून मोठ्यानं वाचलं. आपकी पुत्री को चीनी अध्ययन के लिए छात्रवृत्ती. मग सगळ्यांकडं बघून म्हणाले, "चीनी म्हंजी शक्कर. पोरीला सरकारनं शक्करच्या शिक्षणाला पैसा दिला."

त्याच वेळी गावच्या पुढाऱ्यांनी, तात्यारावांनी, गंगाखेडकडं साखर कारखाना काढायचं मनावर घेतलं होतं. गावोगाव शेअर गोळा करत फिरत होते. गावाला दुसरं काही सुचत नव्हतं. तुझा बाप परत आला तर दुकानापुढं ही गर्दी. तात्याराव स्वतः पायरीवर बसलेले. त्यानं पत्र घेतलं, स्वतः वाचलं. त्याला सगळं कळलं. चीन कळलं, चिनी कळलं. पत्राची घडी घातली आणि आत बघून म्हणाला, "च्या ठेवा."

खोटं तो कधीच बोलला नाही. गावानं विचारलं, पोरीचं शिक्षण कुठवर आलं, तर चाललंय म्हणतो. बस. त्या दिवसापासून दुकान चालतं.

म्हणून विचारते, तुझ्या त्या चीनमध्ये थोडाफार ऊस पिकतो का? पिकत असला तर जाता येता बघून ठेव.

तुझी
अव्वा

---

राणीसावरगाव
ता. ९ जुलै १९८७

शिवकांताला अव्वाचे शरणार्थ. यावेळी मी ‘चिरंजीव’ म्हणालेच नाही.

तू रागावलीस. ते वाचताना तुझ्या बापाचा उच्चार लय स्वच्छ होता. ‘ही सगळ्या गावाची फसवणूक आहे आणि माझीसुद्धा’ हे तर त्यानं असं वाचलं, की पाठ करून ठेवलंय. तू म्हणतेस, आजच्या आज सगळ्यांना खरं सांगा. दिल्लीहून सांगायला सोपं आहे, बाई. इथं सांगितलं तर उद्या सकाळी दुकान झाडायला तोच उठणार.

पोलीस अजून आला नाही. पाऊसही धड नाही. माझे गुडघे धड नाहीत. तेव्हा सगळे आपापल्या जागी आहेत.

तू पुस्तकांतून वाचून लिहिलेली तुझ्या त्या खेड्याची हकिकत ऐकली. सकाळी घंटा वाजायची, सगळ्यांनी मिळून शेतात जायचं, संध्याकाळी कुणी किती राबलं त्याच्या खुणा मांडायच्या आणि वर्षाच्या शेवटी खुणांवर धान्य मिळायचं. मी विचार केला, आपल्याकडं अशी घंटा वाजली असती तर पहिल्यांदा कुणाच्या बायका गेल्या असत्या आणि कोण घंटा वाजवणारा झाला असता. तू लिहितेस की आता ते सगळं मोडलं, जमीन घराघराच्या हाताखाली आली, लोक जास्तीचं धान्य बाजारात विकायलेत, कुणी विटांची भट्टी काढली, कुणी ट्रॅक्टर घेतला. आणि पक्षाचा सेक्रेटरी होता, तो? तो आहेच म्हणतेस. घंटा होती तेव्हाही तोच वरती, घंटा गेली तरी तोच वरती, आणि विटांची भट्टी त्याच्याच मेव्हण्याची. तुला याचं नवल वाटलं. मला वाटलं नाही. मी तुझ्या बापाला म्हणाले, "हे तर आपले तात्याराव." तो हसला. मग माझ्या लक्षात आलं की तो हसला, आणि त्याच्या लक्षात आलं की माझ्या लक्षात आलं. लगेच पुढचं वाचायला लागला.

तात्यारावांवरून आठवलं. ते परवा येऊन गेले. दसऱ्याला गंगाखेडला ऊसवाल्यांचा मेळावा घ्यायचाय. स्टेजवर तुला बसवायचंय. "आपल्या तालुक्याची पोरगी दिल्लीत साखरेची डॉक्टर व्हायलीय, शेअर काय, पाऊस पडल्यासारखे येतील," म्हणाले. आणि एक सवालही विचारायला सांगितलाय. आपल्या भागातल्या उसाला साखरेचा उतारा कमी का लागतो? जमिनीचा दोष का बेण्याचा? तुझा बाप म्हणाला, पत्र टाकतो. ते पत्र हेच. उत्तर आलं तर ठीक, नाही आलं तर दिल्लीचं टपाल बिघडलं म्हणता येईल.

तिकडं एका घराला एकच मूल असा कायदा आहे, हे तू लिहिलंस त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मी नऊ बाळंतपणं काढली, त्यातले चार राहिले. पाच गेले त्यांची नावं अजून मला येतात. एकच ठेवा असं मला कुणी म्हणालं असतं, तर मी कोणतं ठेवलं असतं? तुझा बाप सातवा. हे मी त्याला सांगितलं तर म्हणाला, मग बरं झालं तुझ्यावेळी कायदा नव्हता. म्हणाले, बरं झालं का नाही ते बघायचंय अजून.

माझ्यापुरता चीन म्हणजे लोणच्याची बरणी. चिनी मातीची, माझ्या सासूनं हैदराबादहून आणलेली. आणि दुसरा चीन म्हणजे बासष्टची लढाई. तेव्हा तात्यारावांच्या वडिलांनी गावात फिरून संरक्षण फंड जमा केला. मी माझ्या हातातली एक पाटली काढून दिली. लढाई हारली. दोन्ही दिल्या असत्या तर काय झालं असतं ते माहीत नाही. आता नात तिकडं चालली. एका हाताला पाटली, एक हात मोकळा, अशी मी पंचवीस वर्षं घालवली, आणि तू म्हणतेस त्या गावातल्या म्हाताऱ्या माझ्यासारख्याच उंबऱ्यावर बसून शेंगा फोडतात. मग कशाला घेतली माझी पाटली?

थकले आता. बोलणाऱ्याला एवढं थकायला होतं, तर लिहिणाऱ्याला किती होत असेल. पण तो थकल्यासारखा दिसत नाही. अजून काही आहे का म्हणून विचारतोय.

आहे. त्याला विचारलं, "पोलीस आला तर काय सांगशील?" पेन थांबलाय.

तुझी
अव्वा

---

राणीसावरगाव
ता. ३ ऑगस्ट १९८७

शिवकांताला अव्वाचे शरणार्थ.

पोलीस आला. शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी, म्हणजे सगळं गाव दुकानात असताना. तरणा पोरगा होता, बीडकडचा, बोलायला अदबीचा. ईश्वरअप्पा कोण म्हणून विचारलं. तुझा बाप तूरडाळ तोलत होता, त्यानं मान वर केली नाही. तात्याराव आणि मन्मथअप्पा पायरीवर होते. तात्यारावांना वाटलं, तुझी कीर्ती सरकारदरबारी पोचली. तेच पुढं झाले.

शिपायानं विचारलं, पोरगी काय करते.

"चिनीचा अभ्यास," तात्याराव म्हणाले. "मोठी डिग्री हाय."

"म्हणून चीनला निघाली का?"

तात्याराव जरा गडबडले. मन्मथअप्पा गडबडले नाहीत. म्हणाले, "चिनीच्या शिक्षणाला चीनलाच जावं लागतंय, साहेब. चिनीला चिनी म्हणतात ते त्याच्यावरूनच."

शिपायानं हातातला कागद बघितला. तो हसला, पण वाईट हसला नाही. "बाबा, इथं लिहिलंय, चीनचं अर्थकारण, राजकारण आन् समाज. यात साखरेचा दाणाबी न्हाई."

सगळे तुझ्या बापाकडं बघायला लागले. मी आत दाराशी बसलेली, मला त्याची पाठ दिसत होती. तात्याराव म्हणाले, "अप्पा, ह्यो काय म्हणायलाय?"

तुझ्या बापानं तराजूचा काटा स्थिर होऊ दिला. "बराबर म्हणायलाय," एवढंच बोलला.

  शिपायानं पुढं विचारलं, "एकोणऐंशीला हिला अटक झाली होती, असं कागदावर हाय. खरं का?" तुझ्या बापानं डाळ परत पोत्यात ओतली, उठला, माझ्या अंगावरून आत गेला आणि देवळीपाशी जाऊन उभा राहिला. गळ्यातलं लिंग हातात धरून. पूजेची वेळ नव्हती.

शिपाई चहा पिऊन थांबला. मग मला म्हणाला, "आजी, आठवडाभरात यांना गंगाखेडच्या ठाण्यात येऊन जबाब द्यायला सांगा. मी थांबू शकतो तेवढा थांबतो. न्हाई आले तर बापानं जबाब दिला न्हाई असंच मला लिहावं लागतंय."

तात्याराव जाताना पायरीवर उभे राहून बोलले. "आधी नावाची तकरार, आता शत्रूचा मुलूख, आणि मधल्या काळात सगळ्या तालुक्यासमोर माझी फजिती." त्यांचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही. शेअर गोळा करताना ते प्रत्येक गावात तुझं नाव घ्यायचे.

त्या दिवशी बाजार असून दुकान दुपारीच रिकामं झालं. बौद्धवाड्यातली दगडाबाई तेवढी आली. जे घडलं ते तिलाही कळलेलं होतं. म्हणाली, "अप्पा, पोरगी चीनला जाऊ द्या न्हाई तर चांदाला. मला अर्धा पाव गोडंतेल द्या." तो उठून आला आणि त्यानं तेल दिलं.

संध्याकाळी मी त्याला विचारलं, ठाण्यात जाणार का. म्हणाला, न्हाई. मी म्हणाले, तिची जागा जाईल. तेव्हा तो बोलला. तू गेल्यापासून मी त्याला एवढं सलग बोलताना ऐकलं नव्हतं.

"तिच्यापायी एकदा दुकान बसलं. मी काय म्हणलो का? एक शब्द न्हाई. आता पुन्हा बसलं. अव्वा, मी कितींदा उठवायचं?"

 याचं उत्तर तुला येत असलं तर कळव. तुझा बाप वाईट नाही, शिवकांते. जेलच्या दारापर्यंत तो गेला होता हे तुला माहीत आहे का? दारापर्यंत गेला, तुझं नाव घेऊन आत निरोप द्यायची वेळ आली तेव्हा मागच्या मागं फिरला. एसटीत बसून परत आला. डबा तसाच परत आणला होता. मी डब्यातली भाकरी गाईला घातली.

हे सगळं त्यानं आपल्या हातानं लिहिलंय. एक शब्द गाळला नाही असं म्हणतो. डब्याचं सांगितलं तेव्हा मला वाटलं, उठून जाईल. उठला नाही. फक्त विचारलं, "गाईला घातली व्हय?" आठ वर्षं त्याला वाटत होतं की ती मी खाल्ली.

मुदत चालू आहे. मी त्याला रोज विचारणार नाही. बाकी माझ्या हातात काय आहे?

तुझी
अव्वा

---

राणीसावरगाव
ता. २० ऑगस्ट १९८७

शिवकांते,

अक्षर बदललं म्हणून घाबरू नको. मी जित्ती हाय. ही शेजारची कमलबाई लिहायली, भुजंगाची सून, सातवी शिकलेली. तिला म्हणलं, मी बोलंन तसं लिही, सुधारू नको. तवा ह्या पत्रात ‘न्हाई’ हे ‘न्हाई’च ऱ्हाईल. तुझ्या बापाला लिहायला फुरसत न्हाई. का न्हाई ते सांगते. त्याच्या माघारी सांगायचंय म्हणूनबी कमलबाईला बसवलं.

तो गेला. मुदतीच्या शेवटच्या दिवशी गेला, त्याच्या आधी न्हाई. सकाळी आंघोळ, पूजा, कपाळाला भस्म, धुतलेलं धोतर. मला काय सांगितलं न्हाई. दुकानाला कुलूप लावलं आन् मन्मथअप्पांच्या दारात जाऊन म्हणला, "चला. घोळ तुमच्यापासून सुरू झाला, साक्षीला तुमीच या." दोघं एसटीनं गेले. तिथं काय झालं ते मला मन्मथअप्पांनी सांगितलं. तुझा बाप सांगतोय व्हय?

साहेब खुर्चीवर, हे दोघं बाकड्यावर. साहेबानं विचारलं, पोरगी वागायला कशी. तुझा बाप म्हणला, "हट्टी." साहेब म्हणला, तसं न्हाई, चालचलन. तर म्हणला, "सरळ हाय. लय सरळ. त्याचाच तरास झाला."

मग अटकेचं निघालं. मन्मथअप्पा म्हणतात, मला वाटलं आता हा उठतोय. न्हाई उठला.

"झाली होती," म्हणला. "चोरीत न्हाई, मारामारीत न्हाई. विद्यापीठाला नाव द्या म्हणून झाली. तसंच लिवा."

"तुमची संमती होती त्याला?"

"नव्हती. आजबी न्हाई."

साहेबानं पेन खाली ठेवला. म्हणला, अप्पा, मग मी काय समजायचं? चीनला जायला तरी संमती हाय का न्हाई?

तुझा बाप म्हणला, "संमतीचं काय विचारता, साहेब? पोरगी माझी हाय. माझ्या मताची न्हाई. माझी हाय एवढं लिवा, खाली सही करतो."

लिहिलं. त्यानं सही केली. मन्मथअप्पांनी उर्दूत केली, त्यावर जरा खोळंबा झाला, मग आंगठा घेतला. कागद परभणीला गेला. तो बीडकडचा शिपाई ह्यांना स्टँडवर सोडायला आला होता, तो म्हणला, काळजी करू नका, अशा आंदोलनाच्या अटकेवर कागद आडत न्हाई, बापाच्या गप बसण्यावर आडतो. तवा तुझी तयारी कर. गरम कपडे घे. मन्मथअप्पांनी तुला निरोप दिलाय, की चीनी म्हंजी शक्कर हे काय मी चुकीचं सांगितलं न्हाई, कुठंबी विचारून बघ.

आता दुकानाचं. दुकान बसलं असं तू समजत असशील. आमीबी तसंच समजलो. गंगाखेडहून आल्यावर दोन-तीन दिवस कुणी फिरकलं न्हाई. मग तात्याराव आले. माल घ्यायला न्हाई, टोमणा मारायला. पायरीवर बसले आन् म्हणले, "काय अप्पा, शत्रूच्या मुलखात जमीन वाटली म्हणं. कुणाला किती आली?"

तुझा बाप गुळाची ढेप फोडत होता. फोडता फोडता म्हणला, "घरात माणसं किती त्यावर. बायका-लेकरं धरून."

"आन् चांगली जमीन कुणाला, बरड कुणाला?"

"सगळ्यांला दोन्ही. चांगलीच्याबी चिंध्या केल्या, बरडीच्याबी चिंध्या केल्या. कुणी कुरकुर करू नये म्हणून. आता एकेकाचं शेत आठ-नऊ ठिकाणी हाय, आन् हिकडून तिकडं जाण्यात दिवस जातोय."

"आन् बैलं?"

"चिठ्ठ्या टाकल्या. एक बैल दोन घरात. त्याच्यावरनं भांडणं झाले, शेवटाला बैल इकून पैसे वाटून घेतले."

शिवकांते, तो हे असं सांगत होता की काल त्या गावावरून आलाय. बैलाची गोष्ट तू कोण्या साली लिहिली होतीस? मी पार इसरले होते. त्यानं पुढं घंटेचं सांगितलं, विटाच्या भट्टीचं सांगितलं, सेक्रेटरीच्या मेव्हण्याचं सांगितलं आन् तात्यारावांच्या तोंडाकडं बघितलंबी न्हाई. बाकीच्यांनी बघितलं. तात्याराव उठून गेले. त्यांच्या घरचं सामान अजूनबी आपल्याकडून जात न्हाई, जाणारबी न्हाई. लय घरांचं जात न्हाई. पण दुपारची माणसं जमायलेत. त्यांला आधी वाटायचं चीन म्हंजी तोफा. आता इचारतात, तिथं बी-बियाणं कोण देतंय, धान्य सरकारला किती घालावं लागतंय, सून सासूला जुमानते का. तो गादीवर बसून तोलत तोलत सांगतो. तुझ्या पत्रात जे न्हाई ते सांगत न्हाई. कुणी लय खोदून विचारलं तर म्हणतो, "ते मला ठावं न्हाई, आमच्या शिवकांताला जाऊन बघू द्या."

आमच्या शिवकांताला. कमलबाई, हे दोनदा लिही.

मी दाराशी बसून ऐकते. थकवा येतो. एकदा ऐकलेलंच पुन्हा ऐकायचं, त्यात माझ्या गुडघ्याला पावसाळा. पण उठून आत जावं वाटत न्हाई.

काल काय झालं ते सांगते आन् संपवते, कमलबाईच्या चुलीवर दूध हाय. वरच्या आळीची नर्मदाबाई मिरच्या घ्यायला आलती. तिची लेक पुण्याला असते, येत न्हाई जात न्हाई, तुला ठावंच हाय. ती सगळं ऐकत उभी होती. मग मधीच म्हणली, "अप्पा, तिथली एखादी लेक परमुलखात निघून गेली, तर तिच्या वाट्याची जमीन माघारी काढून घेत असतील की?"

तुझ्या बापाचा हात तराजूवर थांबला. मला वाटलं, म्हणतोय आता, ठावं न्हाई.

म्हणला, "न्हाई. तिची तिलाच ठेवतात. कितीबी वर्सं लागू द्या."

नर्मदाबाई मिरच्या घेऊन गेली. तो पुढचं तोलायला लागला.

आता, शिवकांते, तुझी सगळी पत्रं मी ऐकलेत. काही दोनदा ऐकलेत, डोळे मिटून. त्यात असं कुठंच नव्हतं. तू तिथं गेल्यावर त्या गावात विचारून बघ, खरं हाय का. खरं असलं तर लगीच लिही. नसलं तर लिहू नको. तुझी पत्रं वाचतो तोच.

तुझी
अव्वा